बीच व्हॉलीबॉलची सर्व्हिस: आधी टॉस, मग जागा, जोर सगळ्यात शेवटी

सरावाच्या शेवटी पंधरा मिनिटं उरतात, दोघं कोर्टाच्या दोन टोकांना उभे राहतात आणि एकमेकांकडे बॉल मारत सुटतात. पाऊणशे सर्व्हिस होतात, बऱ्याचशा नेटपलीकडे जातात, आणि ‘आज सर्व्हिस बसली’ म्हणत सामान आवरलं जातं. यातून खांदा दमतो, सर्व्हिस मात्र होती तिथेच राहते. बॉल पलीकडे गेला एवढंच मोजलं, तर तो कुठे पडला, कसा गेला आणि समोरच्याला त्याने किती त्रास दिला, हे कधी कळतच नाही.

बीचवर सर्व्हिसचं महत्त्व हॉलमधल्या व्हॉलीबॉलपेक्षा जास्त आहे. ८ बाय ८ मीटरची बाजू दोघांनाच राखायची असते, आणि ज्याच्याकडे सर्व्हिस जाते त्यालाच बहुतेक वेळा पुढे अटॅकही करावा लागतो. त्यामुळे सर्व्हिस कुणाकडे गेली, किती आत गेली आणि त्याला किती पावलं हलवून गेली, यावर पुढची रॅली ठरते. खाली दिलेले सराव एका क्रमाने लावले आहेत: टॉस (मारण्याआधी बॉल हाताने वर सोडणं), बॉलवरचा हात, नेटवरची उंची, जागा, आणि जोर शेवटी. बहुतेक जण जोरापासून सुरुवात करतात आणि मग टॉसचे दोष खांद्याने भरून काढत बसतात. सगळ्या सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या कराव्यात.

सुरू करण्याआधी

बॉल बीचचाच घ्या. त्याचा दाब ०.१७५ ते ०.२२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो, हॉलमधल्या बॉलचा ०.३० ते ०.३२५. वजन दोन्हींचं २६० ते २८० ग्रॅमच, पण बीचचा बॉल मऊ आणि किंचित मोठा असतो, घेर ६६ ते ६८ सेंटिमीटर. कडक बॉलवर बसवलेला हात मऊ बॉलवर चुकतो, म्हणून दाब मोजायचा छोटा गेज किटमध्ये असू द्या. उन्हात पडून राहिलेल्या बॉलचा दाब वाढतो, तेव्हा मधूनमधून पुन्हा मोजा.

नेटची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर. नेट मध्ये सैल पडलं असेल तर आधी ताणून घ्या, नाहीतर नेटवरच्या उंचीचा सगळा सराव खोटा ठरतो. प्रत्येकी किमान सहा बॉल हवेत. दोनच बॉल असले तर निम्मा वेळ वाळूत धावत बॉल आणण्यात जातो.

नियमांतल्या तीन गोष्टी सरावातच अंगवळणी पाडा. शिट्टी झाल्यावर ५ सेकंदांत सर्व्हिस करावी लागते. टॉस एकदा हातातून सुटला की बॉल मारावाच लागतो. पडू दिला किंवा झेलला तरी पॉइंट समोरच्याला. आणि मारताना, किंवा उडी घेताना, पाय एंड लाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या लाइनला, लागता कामा नये, लाइनीखालीही जाता कामा नये. वाळूतली लाइन म्हणजे ताणलेली पट्टी असते, तिच्याखाली पाय सहज सरकतो. सरावात याकडे दुर्लक्ष केलं तर सवय तशीच मुरते.

खांदा तापवायला दहा मिनिटं द्या. रबर बँडने हात बाहेर फिरवण्याचे दोन्ही हातांचे १५-१५ चे दोन सेट, मग डोक्यावरून बॉल जोडीदाराकडे फेकणं, आधी ६ मीटरवरून, मग १० मीटरवरून. थंड खांद्याने पहिलीच सर्व्हिस पूर्ण ताकदीने मारायची नाही.

टॉस: वाळूतल्या खुणा वाचा

वाळूचा एक फायदा फारसा कुणी घेत नाही. टॉस पडू दिला की बॉलचा खड्डा उमटतो. दहा टॉस करा, मारू नका, आणि मग खाली बघा.

एंड लाइनच्या मागे डावा पाय पुढे ठेवून उभे राहा, पायांत खांद्याइतकं अंतर. डाव्या पायाच्या बोटांपुढे साधारण एक पाऊल, उजव्या खांद्याच्या रेषेत, टाचेने ३० सेंटिमीटर रुंदीचा गोल काढा. टॉसचा बॉल या गोलात पडला पाहिजे. उंचीचं माप असं: मारायचा हात पूर्ण ताणला तर बोटं जिथे पोचतात त्याच्या एक ते दीड बॉल वर टॉस थांबावा. बॉल साधारण २१ सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम २० ते ३० सेंटिमीटर. याहून उंच टॉस वारा पळवतो, आणि बॉल खाली येताना वेग घेत असल्यामुळे मारायचा क्षणही पकडता येत नाही.

दहापैकी आठ खड्डे गोलात आले की पुढे जा. नाही आले, तर खड्डे कुठे सांडले ते पाहा:

– डावीकडे सांडले: टॉसचा हात सरळ वर न जाता अंगावरून आडवा फिरतोय. तळहात आकाशाकडे ठेवा, कोपर लॉक करा आणि हात खांद्यातून उचला. बॉल बोटांनी ढकलायचा नाही, तळहातावरून सुटू द्यायचा.
– मागे, म्हणजे पायांजवळ पडले: हात डोळ्यांच्या वर गेल्यावर बॉल सुटतोय. डोळ्यांच्या उंचीला सोडा.
– पुढे फार गेले: टॉस करतानाच वजन पुढच्या पायावर पडतंय. आधी टॉस, मग वजन.
– सगळीकडे विखुरले: मनगट वापरलं जातंय, किंवा बॉल फिरत सुटतोय.

वारा असेल तर गोल तोच ठेवा, पण टॉस आणखी खाली आणा. वारा जोराचा असेल तर बॉल हातातून जेमतेम उचलून मारणारेच टिकतात.

हा सराव कंटाळवाणा आहे, हे मान्य. पण रोज पाच मिनिटं पुरतात, आणि ‘आज हात चालत नाही’ अशी तक्रार आली की दोष बहुधा याच पाच मिनिटांत सापडतो.

बॉलवरचा हात

फ्लोट सर्व्हिसचा अर्थ एवढाच की बॉल फिरता कामा नये. न फिरणाऱ्या बॉलच्या मागे हवेचा प्रवाह एकसारखा सुटत नाही, कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने तुटतो, म्हणून बॉल वाटेत डुलतो किंवा अचानक खाली बसतो. थोडीही गिरकी मिळाली की तो सरळ, ठरलेल्या मार्गाने जातो आणि रिसीव्हरला, म्हणजे सर्व्हिस घेणाऱ्याला, सोपा होतो.

मार्करने बॉलभोवती मधोमध एक जाड रेघ काढा. जोडीदाराला ६ मीटरवर उभं करा, मध्ये नेट नको. रेघ उभी धरून अर्ध्या ताकदीने त्याच्या छातीकडे मारा. जोडीदाराने झेलताना फक्त एक शब्द सांगायचा: ‘स्थिर’ किंवा ‘फिरला’. १५ बॉलपैकी १० स्थिर यायला हवेत.

हाताचे टप्पे:

१. टॉसबरोबर उजवं कोपर मागे आणि वर, कानाच्या उंचीला. कोपर खाली राहिलं तर हात बॉलच्या खालून येतो.
२. हात पूर्ण उघडा, बोटं किंचित पसरलेली पण कडक, मनगट लॉक.
३. तळहाताचा खालचा कडक भाग बॉलच्या बरोबर मध्यावर.
४. बॉल लागताच हात थांबवा. पुढे ओढत नेऊ नका, तळहात नेटकडे तोंड करून तिथेच राहू द्या.

रेघ पुढच्या बाजूला गडगडत असेल तर मनगट वाकलं किंवा हात बॉलच्या वरच्या भागाला लागला. मागे फिरत असेल तर हात खालून लागला; बहुतेकदा टॉस फार मागे असतो. बाजूला फिरत असेल तर तळहात तिरका आहे, अंगठ्याकडचा किंवा करंगळीकडचा भाग आधी लागतोय. घामाने किंवा ओल्या वाळूने हात निसरडा झाला तरीही बॉल फिरतो, तेव्हा प्रत्येक सर्व्हिसआधी बॉल आणि तळहात पुसायची सवय लावा.

जोडीदार नसेल तर भिंतीवर ५ मीटरवरून मारा, पण रेघेवरची नजर हलू देऊ नका.

मागे सरकण्याची शिडी

हात बसला की अंतर वाढवा. नेटपासून ५ मीटरवर, आपल्याच कोर्टात उभे राहून सुरुवात करा. दहा सर्व्हिस, सात पलीकडे कोर्टात आणि न फिरता गेल्या तर ७ मीटरवर जा, मग ८ मीटरवर म्हणजे एंड लाइनीला, मग १० आणि जागा असेल तर ११ मीटरवर. पाचपेक्षा कमी गेल्या तर एक पायरी पुढे या. पाच किंवा सहा गेल्या तर तिथेच पुन्हा दहा.

इथे घाई होते. १० मीटरवर पोचायला जोर वाढवावा लागतो, आणि जोर वाढवताना मनगट सुटतं. जोर हाताने वाढवू नका. मागच्या पायावरून पुढच्या पायावर वजन टाका, उजवा कंबर-खांदा फिरू द्या, हात तेवढाच ठेवा. एंड लाइनच्या मागे किमान ३ मीटर मोकळी जागा असतेच. ती वापरा: दीड-दोन मीटर मागून मारलेला फ्लोट हवेत जास्त वेळ राहतो आणि जास्त डुलतो.

नेटवरची उंची: अँटेनाची फूटपट्टी

नेटच्या दोन्ही टोकांना असलेल्या अँटेना, म्हणजे उभ्या दांड्या, नेटच्या वर ८० सेंटिमीटर जातात, आणि त्यांच्यावर दर १० सेंटिमीटरला रंग बदलतो. म्हणजे मोजायला आठ पट्टे आयतेच मिळतात. जोडीदाराला नेटच्या खांबाच्या बाजूला उभं करा. प्रत्येक सर्व्हिस किती पट्ट्यांवरून गेली ते त्याने ओरडून सांगायचं. सर्व्हरने स्वतः अंदाज करायचा नाही. मागून पाहताना बॉल असतो त्याहून खाली वाटतो किंवा वर वाटतो, खात्री नसते.

खोल आणि जोराच्या फ्लोटसाठी दोन ते पाच पट्ट्यांची खिडकी ठेवा. एकाखाली गेलं तर एक लहान चूकही नेटमध्ये जाते, सहाच्या वर गेलं तर रिसीव्हरला पाय रोवायला वेळ मिळतो. २० सर्व्हिस मारा, खिडकीतून गेलेल्या आणि कोर्टात पडलेल्या मोजा. १२ आल्या तर चांगलं.

आता यातला एक हिशेब, कारण इथे पुष्कळांचा गैरसमज असतो. एंड लाइनीवरून जोरात मारलेला सपाट फ्लोट नेटला चाटून गेला तरी पलीकडे पाच-साडेपाच मीटरवर पडतो. तो नेटजवळच्या ३ मीटरमध्ये पडूच शकत नाही, तेवढा खाली यायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणजे छोटी सर्व्हिस हवी असेल तर ती हळू मारली पाहिजे, आणि हळू मारली की ती नेटवरून तुलनेने वर जाते. ‘खाली मारला की छोटा पडेल’ या समजुतीने मारलेले बॉल नेटमध्ये जातात. छोट्या सर्व्हिससाठी अँटेनाच्या वरच्या निम्म्यात लक्ष्य ठेवा, कधीकधी टोकावरही, आणि हाताचा वेग कमी करा. टॉस, पाय, कोपर मात्र खोल सर्व्हिससारखंच दिसलं पाहिजे, नाहीतर रिसीव्हर आधीच पुढे सरकलेला असतो.

जागा

समोरच्या कोर्टात टाचेने किंवा दोरीने चार जागा आखा.

– दोन्ही मागचे कोपरे, प्रत्येकी दीड बाय दीड मीटर.
– मधली फट: दोघा रिसीव्हरांच्या मध्ये एक मीटर रुंदीचा पट्टा, नेटपासून ४ ते ७ मीटरपर्यंत.
– छोटी जागा: नेटपासून ३ मीटरच्या आत, साइड लाइनीला लागून २ मीटर रुंद.

मागचा कोपरा का? रिसीव्हरला मागे जाऊन पास द्यावा लागतो, म्हणजे बॉल उचलून जोडीदाराकडे द्यावा लागतो, आणि मग वाळूत लांबून पळत येऊन अटॅक करावा लागतो. फट का? ‘तू घे’ आणि ‘मी घेतो’ यात अर्धा सेकंद जातो, शिवाय दोघांनाही बॉल अंगासमोर नाही, बाजूला घ्यावा लागतो. छोटी का? पुढे झेपावून पास दिला की रिसीव्हर नेटजवळच उभा राहतो, धाव घ्यायला त्याला जागाच उरत नाही. मात्र छोटी सर्व्हिस उंच आणि ढिली पडली तर तीच सगळ्यात सोपी होते.

पहिला आठवडा एकच जागा घ्या: दहा बॉल एकाच कोपऱ्यात. दुसऱ्या आठवड्यात जोडीदाराने टॉसच्या आधी जागेचं नाव घ्यायचं. तिसऱ्यात सर्व्हर बॉल हातात घेऊन उभा असताना, ५ सेकंद मोजायला सुरुवात झाल्यावर, जोडीदाराने हाताने जागा दाखवायची. दर वेळी वेगळी जागा मागितली की आकडे आधी पडतात, त्याची काळजी करू नका. एकाच जागी पन्नास मारून वाढलेला आकडा मॅचमध्ये टिकत नाही, कारण मॅचमध्ये एकच सर्व्हिस सलग दोनदा मारायची वेळ क्वचित येते.

एंड लाइनीमागे उभं राहण्याची जागाही बदलून पाहा. ८ मीटर रुंदीत कुठेही उभं राहता येतं. उजव्या कोपऱ्यातून समोरच्या लाइनीवर सरळ मारणं आणि तिथूनच तिरकं लांबच्या कोपऱ्यात मारणं, या दोन सर्व्हिस रिसीव्हरला सुरुवातीला एकसारख्या दिसतात. तिरकी सर्व्हिस जास्त अंतर जाते, म्हणून तिला चुकण्याची मोकळीकही थोडी जास्त.

सर्व्हिसनंतरची पाच पावलं

सरावात सर्व्हर बॉल मारून तिथेच उभा राहतो, मॅचमध्ये त्याला लगेच धावायचं असतं: ब्लॉकर (नेटवर बॉल अडवणारा) असेल तर नेटपर्यंत, डिफेन्डर (मागे बॉल उचलणारा) असेल तर आपल्या जागी. म्हणून लक्ष्याच्या सरावातला निम्मा भाग धावण्यासकट करा. ब्लॉकरने सर्व्हिस करून नेटला हात लावायचा, तिथून ब्लॉकची एक उडी, मग मागे. डिफेन्डरने कोर्टाच्या मधोमध येऊन थांबायचं, जोडीदाराने टाकलेला एक बॉल उचलायचा. सहा सर्व्हिसचा एक गट, मध्ये दीड मिनिट विश्रांती, असे चार गट.

यात एक दोष लगेच उघडा पडतो. धावायची घाई असल्यामुळे बॉल लागायच्या आधीच डोकं खाली येतं आणि सर्व्हिस नेटमध्ये जाते. बॉल हातावर लागताना दिसला पाहिजे, मग पाय. चौथ्या गटात आकडे फार पडत असतील तर दम कमी आहे; टॉस बदलू नका.

वारा आणि ऊन

२१ च्या सेटमध्ये दर ७ पॉइंटला बाजू बदलते, १५ च्या निर्णायक सेटमध्ये दर ५ ला. म्हणून सरावही तसाच मोजा: ७ सर्व्हिस या बाजूने, लगेच ७ त्या बाजूने. एकाच बाजूने तासभर सराव केला की मॅचमध्ये बाजू बदलल्यावर पहिल्या दोन सर्व्हिस हमखास बाहेर जातात.

वाऱ्याची दिशा पाहायला मूठभर कोरडी वाळू छातीच्या उंचीवरून सोडा. जमिनीवर वेगळा आणि नेटच्या वर वेगळा असू शकतो, म्हणून कोर्टाबाहेरच्या झेंड्यांकडे किंवा झाडांच्या शेंड्यांकडेही बघा.

वारा समोरून असेल तर सर्व्हरची चांदी. बॉल जास्त डुलतो, जास्त लवकर खाली बसतो, आणि जोरात मारला तरी बाहेर जायची भीती कमी. फ्लोट सपाट आणि कडक मारा, लक्ष्य नेहमीपेक्षा एक मीटर मागे धरा. वारा पाठीमागून असेल तर बॉल तरंगत लांब जातो आणि कमी डुलतो. तेव्हा दोनच गोष्टी चालतात: टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरत जाणारा बॉल, किंवा हळू, छोटी सर्व्हिस. फ्लोटच मारायचा असेल तर खिडकी एक ते तीन पट्ट्यांवर आणा आणि एंड लाइनपासून आणखी मागे जा. वारा आडवा असेल तर वाऱ्याच्या बाजूच्या लाइनीच्या थोडं बाहेर नेम धरा आणि बॉल आत येऊ द्या. किती बाहेर, हे त्याच दिवशी वॉर्म-अपमध्ये चार बॉल मारून ठरवायचं. कालचं माप आज लागू पडत नाही.

ऊन डोळ्यांत येत असेल तर एंड लाइनीमागे दोन मीटर बाजूला सरका किंवा टॉस खाली आणा. टॉसच दिसत नसेल तर नुसत्या हिमतीने मारण्यात अर्थ नाही.

जंप फ्लोट

उभा फ्लोट १० मीटरवरून २० पैकी १५ वेळा आखलेल्या खिडकीतून गेला की मगच याकडे वळा. फायदा उंचीचा: बॉल वरून मारला की तो सपाट जाऊ शकतो आणि रिसीव्हरला वेळ कमी मिळतो.

आधी बॉलशिवाय पावलं. लाइनीमागे दोन-अडीच मीटरवरून तीन पावलं: डावं, मग झटकन उजवं-डावं, आणि उडी. वाळूत शेवटचं पाऊल लांब टाकायचं नाही आणि चवड्यावर खुपसायचं नाही, तळवा सपाट ठेवा. उडी मारून झाल्यावर मागे वळून ठसे बघा. पायाच्या पुढे वाळूचा ढीग साचला असेल तर शेवटचं पाऊल ब्रेक लावतंय; बोटांकडे खोल खड्डा असेल तर ताकद वाळू खाली दाबण्यात गेली. ठसे सपाट आणि जवळजवळ हवेत, आणि लाइनीपासून किमान एक वीत मागे.

मग टॉस. दोन्ही हातांनी, दुसऱ्या पावलाबरोबर, उडी मारून हात जिथे पोचतो त्याच्या जेमतेम एक बॉल वर, आणि उडीच्या जागेपुढे अर्धा ते पाऊण मीटर. पावलं, टॉस, उडी, आणि हवेत बॉल मारण्याऐवजी उजव्या हाताने थांबवून खाली आणायचा: असे दहा. थांबवताना हात पूर्ण ताणलेला नसेल तर टॉस खाली आहे किंवा उडी उशिरा आहे. त्यानंतर मारायला लागा. उडी पूर्ण ताकदीची नको, साठ-सत्तर टक्के पुरे. इथे समतोल जास्त कामाचा.

टॉपस्पिन

ही सर्व्हिस सगळ्यांनाच हवी असते आणि सरावाचा सगळ्यात मोठा वेळ खाते. पुढे फिरणारा बॉल हवेमुळे खाली ओढला जातो, म्हणून नेटवरून सहा-आठ पट्टे वर गेला तरी आत पडतो.

उभ्याने सुरुवात करा: एंड लाइनीवरून टॉस थोडा उंच, हात बॉलच्या मागून वर जात त्याच्यावरून गुंडाळला जातो, मनगट झटक्याने पुढे वाकतं. रेघ काढलेला बॉल इथेही वापरा. रेघ सरळ पुढे फिरली पाहिजे, तिरकी नाही. तिरकी फिरली तर बॉल वळून बाजूला जातो. २० पैकी १२ आत आले की चार पावलांची धाव: लाइनीमागे साडेतीन-चार मीटरवरून, टॉस उजव्या हाताने उंच आणि बऱ्यापैकी पुढे. टॉस तुमच्या पुढे पडला पाहिजे. डोक्यावर किंवा मागे आला तर बॉल हमखास लांब जातो आणि पाठीला ताण बसतो.

‘स्काय बॉल’ म्हणून ओळखली जाणारी उंच अंडरहँड सर्व्हिस इटलीच्या अद्रियान काराम्बुलाने गाजवली. ऊन रिसीव्हरच्या डोळ्यांत असेल आणि वारा खेळता असेल तर तिचा उपयोग होतो. शिकायला हरकत नाही, पण फ्लोट बसायच्या आधी नको.

गुण मोजून खेळ

रिसीव्हरांची जोडी समोर असेल तर प्रत्येक सर्व्हिसला गुण द्या: फॉल्ट ०, पास अचूक गेला तर १, सेट करणाऱ्याला दोन-तीन पावलं पळावं लागलं तर २, पास बिघडला आणि फक्त बॉल परत पाठवता आला तर ३, थेट पॉइंट ४. २० सर्व्हिसची बेरीज लिहून ठेवा. वहीत तीन रकाने पुरे: वारा कसा, बेरीज किती, फॉल्ट किती.

फॉल्टचं ढोबळ माप असं: २० मध्ये एकही फॉल्ट नसेल आणि बेरीज पंचविशीच्या आत असेल तर सर्व्हिस भित्री आहे. पाचच्या वर फॉल्ट असतील तर एवढी जोखीम परवडणारी नाही. अधलामधला आकडा वाऱ्याप्रमाणे हलतो.

दडपणासाठी एक खेळ: स्कोअर १९-१९ धरा, सर्व्हर एकटा. खिडकीतून आणि सांगितलेल्या जागी गेली तर त्याला एक पॉइंट, नुसती कोर्टात गेली तर कुणालाच नाही, फॉल्ट झाला तर समोरच्याला दोन. आधी २१ करणारा जिंकला. सेट टाइट असताना सर्व्हर हात आखडून बॉल नुसता आत ढकलतो. या गुणपद्धतीत तसं केल्याने काहीच मिळत नाही.

किती आणि कधी

एका तासात वॉर्म-अप १०, टॉस ५, रेघेचा बॉल ५, खिडकी आणि जागा १५, धावण्यासकट १०, गुणांचा खेळ १०, आणि उरलेल्या ५ मिनिटांत बॉल गोळा करणं. आठवड्यातून तीनदा. उभे फ्लोट एका सत्रात ८० ते १०० पर्यंत चालतात. उडीच्या सर्व्हिस ३० ते ४० वर थांबवा, आणि टॉपस्पिन सलग दोन दिवस नको. नवशिक्यांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी यातलं निम्मं करावं.

थकवा आला की आधी कोपर खाली येतं. जोडीदाराने बाजूने पाहत राहावं. कोपर कानाच्या खाली दिसू लागलं की त्या दिवसाची सर्व्हिस बंद. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखत असेल, किंवा हात वर नेताना मध्येच कळ येत असेल, तर उडीच्या सर्व्हिस पूर्ण थांबवा आणि फक्त टॉसचा सराव चालू ठेवा. आठवड्यात कमी झालं नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. दुखणं गेल्यावरही सुरुवात ५ मीटरवरून, अर्ध्या ताकदीने, त्याच शिडीने करायची.